बांबोळीची चिठ्ठी

गावडोंगरीच्या दवाखान्यात
चिठ्ठ्यांचं पुस्तक माझ्या खणात असतं.
कार्बन घातला की एक प्रत बांबोळीची, एक माझी.
माझ्या प्रती मी सहसा वाचत नाही.

शेवंती वेळीप. वय सत्तावीस.
पहिल्यांदा आली तेव्हा मी लिहिलं: पित्त.
दुसऱ्यांदा: पित्त.
तिसऱ्यांदा नवऱ्याला विचारलं, घरी भट्टी लावता का?
"लायतां. पूण ती तोंडाक लायना."
मी मान हलवली,
म्हणजे विश्वास ठेवला नाही.

दुखणं बेंबीच्या वर सुरू होऊन
पाठीतून आरपार निघायचं.
ती बाकावर ओणवी बसायची, गुडघे पोटाशी,
बोंडू वेचून थकलेल्या बाया बसतात तशी.
मला वाटलं, सवय.

जेवलं की वाढतं, म्हणाली.
मग तिने जेवणंच सोडलं,
आणि मी गोळीचा रंग बदलला.

काट्यावर अठ्ठेचाळीस. चव्वेचाळीस.
शिगम्यानंतर एकोणचाळीस.
परसाकडचं ती मला सांगेना.
सिस्टर एर्मेलिंदाला सांगितलं, दाराआड, कुजबुजत:
वर तेलाचा तवंग येतो,
दोन बादल्या ओतल्या तरी जात नाही.
सिस्टर आत आली. "डॉक्टर, हे पित्त नव्हे."
साखर तपासली. दोनशे ऐंशी.

फिल्म काणकोणहून आली, खिडकीशी धरली.
बाहेर फणसाखाली कोणी स्कूटर सुरू करत होतं, होत नव्हती.
मणक्याच्या दोन्ही अंगांना
पांढरे कण, खडेमिठासारखे,
जिथे खडे असायला नकोत.

स्वादुपिंड.
कुणी ठेवलं असेल हे नाव,
जिभेवर विरघळणारं?
तिला वर्षभर कशाची चव नाही.

चिठ्ठी लिहिली.
न थांबणारी वेदना. घटतं वजन. तेलकट शौच. नवा मधुमेह.
मद्यपान नाही. (हे दोनदा अधोरेखित.)
यातलं एकेक कारण पुरेसं होतं.
मी सगळी जमेपर्यंत थांबलो,
पूर्ण रुपया झाल्यावरच दुकानात जाणाऱ्या मुलासारखा.

नवरा चिठ्ठीकडे बघत राहिला.
"बांबोळेंक? इतलें वायट आसा?"
म्हटलं, वाईट आहे म्हणून नाही,
तिथे आत बघायची दुर्बीण आहे,
खडे काढणारे हात आहेत.
सकाळची बस धर, मडगावला बदल,
तिला पुढची सीट दे, ओणवं बसता येईल अशी.
त्याने चिठ्ठी शर्टाच्या आतल्या खिशात घातली,
घडी न मोडता.

ही प्रत मात्र मी वाचली.
सगळं उमटलं होतं: वजन, साखर, तारीख.
सही तेवढी नव्हती.
तिथे पेन दाबला नव्हता मी.