प्रश्न चौथा, गुण पाच

सातपूरच्या रात्रशाळेत पेपर तपासतोय.
'प्राचीन संस्कृतींमधील शाळांची तुलना करा.'
सगळ्यांनी तक्ताच आखलाय, पट्टीने:
सुमेर – ओल्या मातीच्या पाट्या,
इजिप्त – बोरू, पपायरस, छडी,
आपल्याकडे – गुरुगृह, समिधा, पाठांतर.
मीच फळ्यावर लिहून दिलेला.

अंजनाबाई रसाळांनी तक्ता आखला नाही.
लिहितात:
'सर, माती ओली आहे तोवरच खूण उमटते
हे माझ्या सासऱ्यांना माहीत होतं.
माठाच्या बुडाला नखाने चंद्रकोर काढायचे.
भाजल्यावर ती पुसत नाही.
पण त्याला कोणी शाळा म्हणत नाही.

पांडवलेण्यावर सहल नेलीत
तेव्हा तुम्ही शिलालेख दाखवत होता.
मी आतल्या खोलीत दगडी ओट्यावर बसले.
गार होता. इथे भिक्खू शिकले, निजले, बरोबर.
पण ज्याने छिन्नीने ती अक्षरं कोरली
त्याला ती वाचता येत होती का?
ते तुम्ही सांगितलं नाही.

इजिप्तची पोरं मार खाऊन शिकली, असं पुस्तकात आहे.
मार मलाही मिळाला,
शाळा तेवढी नाही.'

उत्तर इथेच संपतं. खाली
खाडाखोड, आणि पाण्याचा की घामाचा एक गोल डाग.

'तुलना अपूर्ण' असा शेरा लिहायला घेतला,
'तु'पाशीच पेन थांबलं.
बाहेर कंपनीचा भोंगा झाला, दुसरी पाळी सुटली.
साडेतीन दिले.
वरचा अर्धा कशाचा,
उद्या त्यांनी विचारलं तर
मला सांगता येणार नाही.