तळहात वगळून

आर्वीच्या बसस्टँडमागं, झेरॉक्सच्या वरच्या मजल्यावर
सुगतनं तीन लॅपटॉप उघडून ठेवलेत माझ्यासमोर.
तिन्ही पाठीकडं वळतात,
वळून पाटी होतात.

"मॅडम, आधी रॅम पाहा."
मी बिजागरी पाहते.
दिवसातून चाळीसदा उघडमीट व्हायची तिची,
धुऱ्यावर, स्कूटीच्या सीटवर,
ग्रामपंचायतीच्या तीनपायी टेबलावर.

हाती पेन आला की लोक सही करून बघतात.
मी ळ काढते.
ळला दोन पोटं, मधे चिंचोळी वाट,
तिथं कच्चा पेन उघडा पडतो.

पहिल्यावर रेघ मागून येते,
हाक मारल्यावर सावकाश उठणाऱ्या माणसासारखी.
दुसऱ्याची काच निसरडी,
पोट भरायच्या आत पेन पुढं.
तिसऱ्यावर थांबले.
दाबला तर जाड, सैल सोडला तर केस,
आडवा धरला तर शिसपेन्सिलीची राखाडी साय.
जुना आहे. नागपूरच्या कुण्या आर्किटेक्टनं विकलेला,
कोपऱ्यावर एक पोचा.

माझं काम पाण्याचं,
म्हणजे पाणी यायच्या आधीचं.
कुठं उतार, कुठं दगडी बांध,
नाल्याला कुठं म्हणायचं, बस जरा,
हे गावाला विचारून कागदावर आणायचं.
सतरा वर्षं ट्रेसिंग पेपर.
एका मे महिन्यात सावळधऱ्याची अख्खी टेकडी
विरघळली माझ्या कोपराच्या घामात.

"आणि याचा मोठा गुण सांगू?" सुगत म्हणाला,
"हा तळहात वाचत नाही.
खुशाल टेकवा, घाम असो, काही असो.
त्याला फक्त पेन समजतो."

आठ दिवसांच्या बोलीवर घेतला.
जास्तीच्या तीन निबा
त्यानं काडेपेटीत घालून दिल्या.

सावळधऱ्यात दुपारी दोनला पडदा काळा.
काचेत नुसतं आभाळ आणि माझं नाक.
डोमाजी उईके म्हणाले, "बाई, हे तं आरसा हाय."
मग माझ्या ओढणीचा तंबू केला,
आत दोन डोकी आणि एक उजेड.

"नाला दाखवा," मी पेन पुढं केला.
त्यांनी तो बघितला, उलटा करून बघितला,
माझ्या कानामागं खोचून दिला.
आणि बोट टेकवलं.

टेकडीच्या खांद्यावरून बोट निघालं,
मोहाला वळसा, पडीक वावराच्या कडेनं,
मग अडलं.
"अथी पाणी जरा इचार करते.
मंग डाव्या अंगानं जाते.
तुमच्या सायबाच्या नकाशात उजव्या अंगानं जाते,
म्हणून तो बंधारा कोरडा."
बोट उचललं.

पडद्यावर काहीच नाही.

डोमाजींनी बोट धोतराला पुसलं, पुन्हा बघितलं.
"माहं बोट घासलं हाय बाई.
राशनच्या मशीनलेबी दिसत नाही."

मी काय बोलणार.
सेटिंगमधे सेटिंग, त्यात आणखी एक,
तिसऱ्या पानाच्या तळाशी सापडलं बटण,
बोटानं रेखाटण्याची परवानगी.
दिली.

पुन्हा टेकडी, पुन्हा मोह.
या खेपेला रेघ आली,
जाड, कापरी, मधेच तुटून पुन्हा लागलेली.
आणि बोटासोबत त्यांच्या तळहाताची कडही आली,
नाल्याशेजारी एक मोठा डाग.

खोडायला मी कानामागचा पेन काढला.
"राहू दे," डोमाजी म्हणाले,
जरा वाकून, डोळे बारीक करून,
"डोह हाय तो.
तथी म्हशी बसतेत."

आठव्या दिवशी सुगतचा फोन,
ठेवता का वापस करता?
ठेवते, म्हटलं.
"पेन कसा चालते?"
काडेपेटी हलवून बघितली, तिन्ही निबा आत वाजल्या.
म्हटलं, अजून
नीट बघितला नाही.