सरवा

वडशाच्या फाटकापासून तिसरं दुकान.
पाटीवर माझं नाव नाही, म्हणून येणारा विचारतोच,
"कारागीर कोठी गेला?"
मी म्हणते, "बसा. मीच."

हिरामणजी दोनाडकरांनी सीपीयू आणला
मोटरसायकलच्या टाकीवर, दुपट्ट्यानं पोटाशी बांधून,
आजारी बकरू आणावं तसा.
"सुरूच होत नाही जी. कारा पडदा, एक पांढरी ओर.
म्हनते, माज्यात काईच नाही."

झाकण काढलं. आत राइस मिलचा कोंडा,
पालीची दोन अंडी, एक फुटलेलं,
आणि डिस्क, जी फिरायला निघते,
टक् करते, विसरते, पुन्हा निघते.

दिवाळी बारा दिवसांवर. कंपनीनं तारखा घेतलेल्या,
मंडईच्या, शंकरपटाच्या,
आणि तिसरा अंक फक्त इथं.
हातानं लिहिलेली वही?
"उधईनं वाचली," म्हणाले, आणि स्वतःच हसले.
कुरखेड्याचा एक पोरगा नवीन विंडोज टाकून देत होता, दोनशे रुपयांत.
बरं झालं, टाकू दिलं नाही.
आजारी डिस्कवर लिहायचं नसतं, नुसतं वाचायचं.
वर एक अक्षर ठेवलं की खालचं गेलं.

पेनड्राइव्हवरून दुसरीच यंत्रणा उठवली,
त्यांची डिस्क पाहुण्यासारखी बाजूला लावली
आणि कॉपी सोडली, नावगाव न विचारता,
बांधीमागून बांधी.
आधी उभं धान कापून घ्यायचं.
विळा अडला तर अडू द्यायचा, आपण पुढं जायचं.
मग परत यायचं उलट्या धुऱ्यावरून,
वाकून, एकेक लोंबी वेचत.
"सरवा," हिरामणजी म्हणाले.
अकरा वर्षं मी हे करते.
त्याला मराठीत नाव आहे, हे त्या रात्री कळलं.

नवाला लाइन गेली. इन्व्हर्टरवर एकच पंखा चालतो,
तो डिस्ककडं वळवला. आम्ही दोघं घामात.
ते मालगुजाराची भाषणं बोलत बसले, सगळी पाठ,
नऊ सीझनपूर्वीची.
शेवटचं भाषण मात्र सुमित्रेचं. ते कुंदाबाई बोलायच्या.
कुंदाबाई आता बालाघाटकडं कुठंतरी. फोन लागत नाही.

पहाटेपर्यंत चार हजार फाइली, नावं गेलेली, नुसते आकडे.
रोहयोची हजेरी. बारशाची पत्रिका.
कुणाचा तरी अर्धाच बायोडाटा, छंद या शब्दापाशी तुटलेला.
आणि दोन हजार तीनशे सतरा नंबरची,
उघडली तर इंग्रजी अक्षरांचा चिवडा,
डॉलर, टिंबं, उलटे कंस.
"सडली का जी?"
"नाही. जुना फाँट आहे. मराठीच आहे, सोंग घेतलंय."

फाँट शोधायला सकाळचे आठ वाजले.
लावला, आणि पडद्यावर:
सुमित्रा, तोंड न वळवता.

ते मोठ्यानं वाचत गेले, बायकी आवाज न काढता.
मग थांबले.
पुढं चौकोन, चौकोन, चौकोन.
मी तीनदा फिरवून पाहिलं. तिथं विळाच चालत नव्हता.
"काय होतं इथं?"
"आठोत नाही," म्हणाले. "आपूनच लिवलं, अन् आठोत नाही."

सातशे झाले होते. पाचशे दिले आणि दोन पास.

माघात चोपजवळ खेळ होता. ब्लँकेट घेऊन मी गेले.
तिसरा अंक उघडला पावणेचारला.
सुमित्रा नवी, गोंदियाची पोरगी, आवाज थोडा बसलेला.
त्या जागी आली
आणि बोललीच नाही.
पेटीवाल्यानं भात्यावरचा हात तसाच धरला.
मंडपातलं शेंगा फोडणं थांबलं.
शेजारची बाई, मांडीवर झोपलेलं पोर, कुजबुजली,
"बोल न वो माय."

मी मनात मोजत होते.
एक सेक्टर. पाचशे बारा घरं, सगळी रिकामी.
मग ती बोलली,
पाचव्या ओळीपासून.