गुडघा

कॅमेरा होता चिप्सच्या दुकानावर, डंडीच्या हिलटाउनात.
आवाज नसलेला.
एकूण अकरा सेकंद.
आम्ही पंधरा जण ते तीन दिवस बघत होतो.

पहिला ठोसा दुथीचा. त्याबद्दल वाद नाही.
ईवनच्या हातातला पुडा उडतो, फूटपाथभर चिप्स,
आणि व्हिनेगरचा वास
मला तरी आला, शपथेवर सांगते.
दुसरा ठोसा ईवनचा. त्याबद्दलही वाद नाही.
तिसरा त्याचाच. इथे सरकारी वकील घसा साफ करते.
मग दुथीचा उजवा गुडघा जमिनीला टेकतो
आणि ईवनची लाथ.

ईवन मॅकस्किमिंग, वय बावीस, गोदीवर वेल्डिंग शिकतो.
कोर्टात बापाचा कोट घालून यायचा,
बाह्या बोटांच्या टोकांपर्यंत.
दुथीला डाव्या कानाने आता ऐकू येत नाही;
साक्षीत त्याने प्रत्येक प्रश्न दोनदा विचारायला लावला,
आणि दर वेळी ‘माफ करा’ म्हणाला.

न्यायाधीशबाई सावकाश सांगत होत्या, मुलांना शुद्धलेखन घालावं तसं:
संकट अंगावर आलेलं हवं, येऊन गेलेलं नव्हे.
निसटायला वाट असेल, तर निसटायला हवं होतं.
मार गरजेपुरता. क्रूर अतिरेक नाही.
मात्र जीव वाचवणाऱ्याचा हात
सोनाराच्या काट्यावर तोलू नका.

मी शाळेच्या स्वयंपाकघरात वाढपी.
माझ्याकडे काटा नसतो, डाव असतो.
एका पोराला एक डाव, असं भिंतीवर लिहिलेलं आहे.
हात किती झुकवायचा, ते लिहिलेलं नाही.

खोलीत सगळं त्या गुडघ्यापाशी अडलं.
टेकला तो पडताना, की उठताना?
कौलं घालणारा गिब म्हणाला, मी असतो तर दोन घातल्या असत्या.
पोस्टातून निवृत्त झालेली बाई म्हणाली,
मागे गल्ली होती की, मोकळी.
गल्लीत त्याची बहीण उभी होती.
मग बहिणीला घेऊन पळायचं.
बहिणीच्या पायात उंच टाचा होत्या.
मग टाचांवर पाच मिनिटं गेली.
कोणीतरी चित्र थांबवलं.
थांबलेल्या चित्रात
पडणारा माणूस आणि उठणारा माणूस
एकच असतो.

घरी बोलायला बंदी.
रात्री भांडी घासता घासता
मी ओट्याशी गुडघा टेकला. उठले. पुन्हा टेकला.
वजन नेमकं कधी फिरतं
हे शोधत होते, आणि ते दर वेळी
माझ्या आधीच फिरून गेलेलं असायचं.
‘काय पडलं?’ आर्चीने दारातून विचारलं.
‘कानातलं,’ म्हणाले.
तर तोही बसला, भिंत धरून, कुरकुरत्या सांध्यांनी,
फ्रिजखाली टॉर्च मारत.
त्याची मान उघडी, गोरी, केस कापायला झालेले.
माझ्या हातात ओली बिडाची कढई.
एकतीस वर्षांत पहिल्यांदा
मला त्या कढईचं वजन कळलं.
मी ती हळूच, आवाज न करता
ओट्यावर ठेवली.

आठ विरुद्ध सात.
मी कुठल्या बाजूला होते, ते सांगायला कायद्याने मनाई आहे.
निकाल ऐकताना ईवनने बाह्या वर सारल्या
आणि त्याचे हात प्रथमच दिसले.
लहान होते.
दुथीने बहिणीकडे कान केला,
तिला परत सांगावं लागलं.

आर्ची अजून शोधतो, भाकरीचे तुकडे झाडताना,
फ्रिज सरकवून.
माझ्या दोन्ही कानांत दोन्ही आहेत.
त्याच्या लक्षात आलेलं नाही.
किंवा पहिल्याच रात्री आलं असेल,
आणि तो नुसता खाली बसलेला असेल.