एकतीस मार्चची मोजणी

कंपनी उद्यापासून सरकारची,
म्हणून आज रात्री सगळं मोजायचं होतं.
मी स्टोअर्सचा कारकून, कीर्तिकर.
कानामागे पेन्सिल, हातात पाच प्रतींचा तक्ता,
कार्बन इतका झिजलेला
की पाचव्या प्रतीत कंपनी
आधीच पुसट झाली होती.

खिडक्यांना युद्धाचा काळा कागद.
दिल्लीहून आलेले साहेब, तिरुवेंगडम,
दर ओळीनंतर विचारत, आणि पुढे?

पुढे लोखंडी खांब, गिरगाव ते ग्रँट रोड, दोनशे अकरा,
पैकी वाकलेले नऊ,
पैकी एकावर घारीचं घरटं.
(ते लिहू नका, म्हणाले.)
शिशाच्या आवरणाची केबल, पिंपातली आणि जमिनीतली वेगळी.
चिनी मातीचे कप, ज्यांना लाइनमन
कपबशा म्हणत, बशी नसताना.
विलायतेतल्या भागधारकांसाठी कोरी पाकिटं, चौदाशे.
आता त्यांना कोण काय कळवणार,
पण मोजली.

मॅनेजर एरचशा दुबाश यांनी
पितळी पाटी तीन दिवस घासून घेतली
आणि मग उतरवली.
भिंतीवर उरला न मळलेल्या रंगाचा चौकोन.
मी त्यांच्याकडे पाहिलं.
‘ए बी लख, दीकरा,’ म्हणाले,
आणि टोपी शोधत जिना उतरले.
टोपी डोक्यावरच होती.

बोर्ड नंबर चार, सिपोरा किहीमकर.
शहरात इतरत्र आकड्यांच्या तबकड्या आल्या होत्या,
आमच्याकडे अजून दोरी, भोक
आणि सिपोराबाई.
तिच्या खणात साहेबांना एक वही सापडली.

वाळकेश्वरचे डॉक्टर – कमी ऐकतात, रिंग लांब द्यावी.
कापूसवाले शेठ – घाईत सात म्हणतात, नऊ असतो. दोनदा विचारावं.
आगीचा बंब – काही विचारत बसू नये.
माझगावच्या बाई – दुपारी उचलतात, नंबर मागत नाहीत,
वेळ विचारतात.
सांगावी. लगेच दोरी काढू नये.

साहेबांनी वही उलटीपालटी केली.
ही मालमत्ता कोणाची,
कंपनीची की बाईंची?
‘शाई कंपनीची,’ ती म्हणाली, बोर्डावरून नजर न काढता,
‘कान माझे.’

मी लिहिलं :
वही, वापरलेली, एक. किंमत शून्य.
पेन्सिल जरा अडली होती,
पण शून्याला जागा अशी कितीशी लागते.

बारा वाजले.
तोफ नाही, भोंगा नाही.
कोणीतरी जांभई दिली, ती मात्र दोन्ही राजवटींत चालली.
मग बोर्डावर दिवा लागला.
गोदीवरून झोपाळू आवाज : ‘हॅलो, कंपनी का?’
सिपोराबाईचा हात हवेतच राहिला.
एवढ्या वर्षांत पहिल्यांदा
तिला उत्तर शोधावं लागलं.
‘नंबर सांगा,’ म्हणाली.

नोकऱ्या टिकल्या.
पगार मंजुरी येईल तेव्हा, चहाचा पेला घरून.
दुबाश एकदा स्वतःच्याच फोनसाठी
तीन प्रतींत अर्ज घेऊन आले, रांगेत उभे राहिले,
आणि त्यांना पुढे घेण्याचा अधिकार
माझ्या टेबलाला नव्हता.
सिपोराबाई पुढे जहाजाने गेली, तिच्या माणसांच्या नव्या देशात.
वही कुठे गेली, त्याची पावती माझ्याकडे नाही.

मी स्वतः अर्ज केला बावन्न साली.
सत्तर साली फोन आला :
काळा, जड, दोन माणसांनी सही घेऊन बसवलेला.
शेजारी जमले, कोणीतरी हळद-कुंकू लावलं.
सगळे गेल्यावर उचलला.
आत एकसारखी गुरगुर,
कोणाचीच नसलेली.

मी वेळ विचारली.

आतून बायको म्हणाली,
अहो, समोर घड्याळ आहे की.