ळ

सावद्याच्या धक्क्यावर बाप
वॅगनीत घड चढवायचा.
बंडीवर चिकाचे डाग,
धुवावेत तसे काळे होत गेलेले.
मी त्यांत बघत बसायचो :
हा बैल, ही पाल,
हा नुसताच डाग.

नववीत नापास झालो, मुनाफ पेंटरकडे ठेवलं.
सहा महिने रॉकेलात ब्रश धुतले.
मग म्हणाला, ‘ळ’ काढ.

आमच्या तोंडात ळ नाही.
आम्ही केयी म्हणतो, काया म्हणतो.
‘दोन्ही पोटं एका श्वासात,’ मुनाफ म्हणाला,
‘मधे थांबलास तर वांगं होतं.’
वांगीच झाली, पावसाळाभर.

आता प्रदर्शनात विचारतात,
ही वळणं कुणाची?
मी मुनाफचं नाव सांगतो.
ब्रश पुसायला आईनं
ती बंडी फाडून दिली होती,
ते राहून जातं.