केवढी झाली

चार वर्षं मी या बडोद्यात होतो
आणि दिसत नव्हतो.
दांडिया बाजारच्या खोलीतून रावपुऱ्यातल्या कचेरीत,
कचेरीतून खोलीत,
मधे वाटलं तर सूरसागराचा अर्धा फेरा.
कुणी किती वाजले तेसुद्धा विचारलं नाही.

मग डिसेंबरात एका रविवारी
ऋजुताला छातीशी बांधून खंडेराव मार्केटात शिरलो
आणि पापडी निवडणारी बाई पापडी टाकून उठली.

"केवडी थई?"
केवढी झाली. एका अक्षराचा फरक,
तोही त्या गलक्यात ऐकू येत नव्हता.
साडेतीन महिने, म्हणालो.
तिनं ते मेथीवालीला सांगितलं,
मेथीवालीनं आलं-लिंबूवाल्याला,
आणि मी रताळ्यांच्या काट्यापाशी पोचेपर्यंत
साडेतीनाचे पाच झाले होते,
पाच महिन्यांच्या मानानं बारीकच आहे
असंही ठरून गेलं होतं.

टोपी कानाखाली ओढा.
टोपी काढा, घामेजलीय पोरगी.
आई कुठाय?
आई बँकेच्या परीक्षेला बसलीय, हे सांगून सांगून
त्या सकाळी ती अकरा वेळा तरी परीक्षेला बसली.
न्यायमंदिरासमोर काळ्या कोटातल्या वकिलानं
अशिलाला ताटकळत ठेवून
जीभ काढून दाखवली, दोनदा.
माझ्याच बोलीतल्या एक बाई
"काय गं हे काळं ध्यान" म्हणत
स्वतःच्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडून
मागे न बघता निघून गेल्या.
नाव ना गाव. एवढं फुकट कुणी कुणाला देतं?

लहेरीपुऱ्याच्या अलीकडे पंक्चरवाला.
घमेल्यात ट्यूब दाबून धरलेली,
बुडबुडा कुठून येतो ते बघायचं सोडून
तो हिच्याकडे बघत होता.
उठला. दोन पावलांवर थांबला
आणि काळे हात पाठीमागे नेले,
शाळेत नखं तपासायला मास्तर आल्यासारखे.
काही विचारलं नाही. केवढी, कुणासारखी,
काही नाही.
ही त्याच्या मिशीकडे बघत राहिली.

असं बरेच रविवार.
फळीवर 'जशु टायर' लिहिलेलं, म्हणून मी त्याला जशुभाई म्हणायचो.
जशु त्याचा मुलगा, सुरतेला असतो,
हे फार पुढे कळलं. तोवर हाकेला ओ देत होता बिचारा.

एका रविवारी त्याचे हात पुढे होते.
आधी रॉकेलनं, मग साबणानं, कोपरापर्यंत घासलेले,
नखांच्या कडा तेवढ्या राहिलेल्या.
त्यानं एक बोट पुढे केलं.
ती झोपली होती.
"सूवा दो," म्हणाला,
आणि बोट खिशात ठेवलं, सुट्या पैशांसारखं.

पुढच्या रविवारी पाऊणशे सायकली असल्यागत
हात पुन्हा काळे.
मीही थांबलो नाही. दूध आणायचं होतं.

ती चालायला लागली. मग पळायला.
मग मांडवीखाली फतकल मारून भोकाड पसरायला.
लोक थांबायचे कधी थांबले, सांगता येणार नाही.
शेवटचं कोण, हे कुठे माहीत असतं तेव्हा.
पापडीवाली आता पापडीचा भाव सांगते.
वकील अशिलाशी बोलत असतो.
आम्ही दोघं नुसतीच बाजाराला आलेली माणसं,
त्यातलं एक जरा हट्टी.

काल डेपोबाहेर सेव-उसळ खात उभा होतो.
समोर कुणाच्या तरी खांद्यावरून
एक टक्कल माझ्याकडे वळलं,
नाक गळतंय, भुवया नाहीतच,
आणि बघत राहिलं, घाई नसल्यासारखं.
एका हातात द्रोण.
दुसरा, तर्रीनं लाल झालेला,
कधी पाठीमागे गेला कळलं नाही.

"साडेचार महिने," तिचा बाप म्हणाला.
मी काही विचारलं नव्हतं.